सतराव्या रकान्यातली थाप

"काका, सतरा नंबरचा रकाना रिकामा राहिलाय," ती मुलगी म्हणाली.

पेट्रोल पंपाच्या कडेला एक रंगीत छत्री, छत्रीखाली टेबल, टेबलावर अर्जांचा गठ्ठा आणि गठ्ठा उडू नये म्हणून त्यावर तिचा जेवणाचा डबा. आमच्या मिरजेत क्रेडिट कार्ड येऊन पोचलं ते असं. मुलगी बँकेची एजंट, नाव तेजस्विनी कोळेकर. तिच्यासमोरच्या स्टुलावर मी बसलो होतो.

मी चष्मा कपाळावर चढवला आणि रकाना वाचला. जोडीदाराचे मासिक उत्पन्न.

"हे कशाला? कार्ड मला हवंय, बायकोला नव्हे."

"तुमची पेन्शन एकेचाळीसशे. बँकेला महिना दहा हजार तरी दिसायला पाहिजेत. घरातल्यांचं धरलं तर चालतं. काकू काही करतात का?"

"करते की. स्वयंपाक करते, मला बोलते."

"पैसे मिळतील असं काही?"

आता मला विचार करणं भाग पडलं. मी, वामन तासगावकर, जकात नाक्यावर एकतीस वर्षं काढलेला माणूस. ट्रकच्या ताडपत्रीवर नुसता पंजा ठेवून आत गूळ आहे की हळद हे मी सांगत असे. एकदा तर आत ड्रायव्हरचा मेहुणा झोपलाय आणि त्याला ताप आहे, हेही सांगितलं होतं. पण ते राहू दे, तुम्ही विश्वास ठेवणार नाही. गावात तसाही कुणी ठेवत नाही.

पण मालतीला, माझ्या बायकोला, काय मिळतं? माडीवरच्या खोलीत तिचा पसारा असायचा, लोकर, मणी, टिकल्या, सुपाऱ्या. भगिनी मंडळाचं काहीतरी चालतं, एवढं मला ठाऊक होतं. संक्रांत आली की हलव्याचे दागिने करून द्यायची. शे-दोनशे सुटत असतील. कधी विचारलं नव्हतं. आमच्यात बायकोनं नवऱ्याचा पगार विचारायचा असतो, उलटं कुणी करत नाही.

"कलाकुसरीचा व्यवसाय आहे तिचा," मी म्हणालो.

"अरे वा. काय नावानं?"

"मालती आर्ट्स." नाव तोंडातून निघालं तेव्हाच मीही ते पहिल्यांदा ऐकलं.

"आणि महिन्याचे किती?"

मी पेन उचललं आणि लिहिलं, नऊ हजार. शून्यं गोल काढली.

तेजस्विनीनं अर्ज उलटसुलट पाहिला. "छान. गुरुवारी बँकेचा माणूस चौकशीला घरी येईल हं, काका."

इतकी वर्षं थापा मारल्या, पण थापेची चौकशी करायला कुणी घरी यायची ही पहिलीच खेप.

*

कार्डाचं भूत माझ्या डोक्यात शिरलं ते त्या दिवाळीत, पुण्याच्या एका हॉटेलात. आमची अश्विनी पुण्यात दिलेली. तिचे सासरे, म्हणजे आमचे व्याही प्रभुणे, यांनी सगळ्यांना जेवायला नेलं. बिल आलं. मी खिशात हात घातला तर प्रभुण्यांनी दोन बोटांत धरून एक सोनेरी कार्ड काढलं, पत्त्यातला हुकमाचा एक्का दाखवावा तसं.

"राहू द्या वामनराव. तुमच्याकडे कार्ड नसेल."

"आहे की," मी म्हणालो. "गडबडीत घरी राहिलं."

मालती पापड मोडत होती. तिनं मोडलेला पापड आणखी मोडला.

"असं?" प्रभुणे हसले. "मग ठरलं. नातवाचं बोरन्हाण तुमच्याकडे मिरजेला, आणि त्या दिवशीचं जेवण तुमच्या कार्डावर."

हात धुवायच्या जागी अश्विनीनं मला गाठलं.

"बाबा, कार्ड नाहीये ना?"

"येईल."

"तुमच्या थापांवर मी लहानाची मोठी झाले. मला त्या आवडतात. पण इथे मला रोज राहायचंय. सासरे आठवडाभर सगळ्यांना सांगत बसतील. एवढी एक खरी करा."

पोरीनं आजवर माझ्याकडे काही मागितलं नव्हतं. बोरन्हाण रथसप्तमीच्या आत करायचं असतं. म्हणजे मुदत तेवढी. म्हणून पौषातल्या उन्हात मी त्या छत्रीखाली बसलो होतो.

*

दर गुरुवारी अकरा ते एक मालती भजनाला जाते. मी चौकशीच्या माणसाला फोन करून साडेअकराची वेळ दिली होती. बाकीची तयारीही चोख होती. दाराच्या चौकटीवर पुठ्ठ्याची पाटी लावली, 'मालती आर्ट्स'. ती निघून गेल्यावर लावली, आणि ती यायच्या आत काढायची होती.

आलेला माणूस पंचविशीतला, काटकुळा. नाव हेरवाडे. मांडीवर फाईल आणि बोटात नवी कोरी अंगठी, तीही सैल. बोलताना ती सारखी फिरवायचे.

"नुकतंच लग्न झालेलं दिसतंय," मी चहा पुढे करत म्हणालो.

"मार्गशीर्षात." ते लाजले, आणि मग कामाला लागले. "व्यवसायात माणसं किती आहेत?"

"सहा बायका. हाताखाली."

"माल कुठे जातो?"

"सांगली, कोल्हापूर, पुणं." एवढ्यावर मी थांबायला हवं होतं. "परवा दुबईहून विचारणा आली."

"दुबईहून कुणाची?" दारातून आवाज आला.

मालती उभी होती. एका हातात टाळ, दुसऱ्या हातात माझी पुठ्ठ्याची पाटी.

"तू भजनाला गेली होतीस ना?"

"पेटीवाल्या बाईंना ताप आलाय. आणि या सहा बायका कुठल्या? मला एक मोलकरीण ठेवू देत नाही तुम्ही."

हेरवाड्यांनी फाईल मिटली. मऊ आवाजात म्हणाले, "काका, मला खरं तेच लिहावं लागतं. अर्जात काकूंचे महिना नऊ हजार लिहिलेत. ते धरले नाहीत तर अर्ज बसत नाही."

मला अश्विनीचा चेहरा दिसला. मी मालतीकडे पाहिलं. बायकोकडे मी इतक्या केविलवाण्या नजरेनं त्याआधी एकदाच पाहिलं असेल, बोहल्यावर, अंतरपाट दूर झाला तेव्हा.

"नऊ हजार?" मालतीनं टाळ कोनाड्यात ठेवले. "माझं उत्पन्न? तुम्ही लिहिलंत?"

"अगं, अंदाजानं..."

"विचारलंत कधी?"



ती हेरवाड्यांकडे वळली. "धंदा आहे. या पाटीवर लिहिलंय ते नाव तेवढं खोटं. नाव नसतं या धंद्याला. मी रुखवत भाड्यानं देते."

हेरवाडे गोंधळले. "रुखवत भाड्यानं? ते तर नवरी स्वतः करते ना? आणि तिच्या घरच्या बायका."

"हो, तसंच सांगायचं असतं."

"मग गिऱ्हाइकं? तीन-चार नावं द्या, मी फोन करून विचारतो."

"नावं नाही मिळायची."

"पण काकू, पुरावा..."

"पुरावा माडीवर आहे. चला."

*

माडीवरच्या त्या खोलीत मी वर्षातून एकदा, गौरींचे मुखवटे काढायला जात असे, तेही दारातून हात घालून. त्या दिवशी मालतीनं पांढऱ्या चादरी एकेक करून ओढल्या. काड्यापेटीच्या काड्यांचं देऊळ, कळसासकट. लोकरीचा मोर. मण्यांचा रथ. कुंची घातलेले, काजळ लावलेले नारळाचे नवरा-नवरी. आणि तसेच आणखी तीन संच, भिंतीला लावलेल्या ट्रंकांत, कापसात गुंडाळलेले.

"एका मुहूर्ताला चार लग्नं निघतात," ती म्हणाली. "पण एकाच गावात एकच संच दोनदा जाऊ देत नाही. जयसिंगपूरला मोर गेला की पुढची तीन वर्षं तिथे हंस."

हेरवाडे कौतुकानं पाहत पुढे सरकत होते. कोपऱ्यात एका फळीवर सुपाऱ्यांची वरात मांडली होती. सुपारीचा घोडा, घोड्यावर नवरदेव, पुढे बँड, मागे करवल्या. ते उकिडवे बसले. मग गुडघ्यांवर आले. मग अंगठी फिरायची थांबली.

"याचा पाय," ते म्हणाले.

"ढोलवाल्याचा? हो. मोडून परत आला होता. ज्यांनी नेला त्यांनीच नेलपॉलिशनं चिकटवलाय. लाल पाय बरा दिसतो, म्हणून मीही तसाच ठेवला."

"माझ्या आत्याच्या हातून पडला होता," हेरवाडे हळूहळू म्हणाले. "मांडवात. हिनं लगेच पर्समधून नेलपॉलिश काढलं."

खाली रस्त्यावरून कल्हईवाला ओरडत गेला.

"चार महिने जागून केलं म्हणाली होती. चष्मा लागला त्यापायी."

"चष्मा खरा असेल," मालती म्हणाली.

"म्हणजे ती तुमच्याकडे..."

"ते मी सांगत नसते. वस्तू इथून बाहेर पडली की ती नवरीनंच केलेली. परत आली की माझी. मधे कुठे होती ते मी विचारत नाही आणि बोलत नाही." तिनं ढोलवाल्याला उचलून नीट उभा केला. "तुम्ही घरी जाऊन विचारणार आहात का?"

हेरवाड्यांनी त्या लाल पायावरून हलकेच बोट फिरवलं.

"माझ्या आईनं गल्लीतल्या सगळ्या बायकांना बोलावून दाखवलं होतं," ते म्हणाले. "तिला इतकी खूश मी कधी पाहिली नव्हती."

"मग?"

"नाही विचारणार."

"शहाणे आहात. नवऱ्याला आवडावं म्हणून तर पोरी एवढं भाडं भरतात."

ते उठले आणि गुडघे झटकले. "मला पटलं, काकू. पण बँकेला कागद लागतो. लाल पाय चालणार नाही."

"कागद आहे की." मालती खाली गेली आणि तांदळाच्या डब्यामागून एक पिशवी घेऊन आली. त्यात तीन वर्षांच्या इन्कमटॅक्स रिटर्नच्या प्रती, शिक्क्यासकट. "आमच्या भजनातल्या जोशी वकीलबाई भरून देतात."

"हे आधी दाखवायचं ना."

"तुम्ही कागद मागितलाच नाहीत. नावं मागितलीत."

हेरवाड्यांनी आकडा वाचला. मग माझ्याकडे पाहिलं. मग पुन्हा आकडा वाचला आणि कागद माझ्यापुढे धरला. वर्षाचे एक लाख अडुसष्ट हजार. मी मनातल्या मनात बारानं भागलं. महिना चौदा हजार.

जन्मभर मी गावात फुगवून सांगत आलो, आणि ज्या एका थापेवर पोरीची अब्रू टांगली होती, ती मारताना पाच हजारांनी कमी पडलो.

"असं करू," हेरवाडे म्हणाले. "अर्ज काकूंच्या नावानं घालू. काकांना त्यावर पुरवणी कार्ड मिळेल. काकूंची संमती लागेल फक्त."

"देशील ना?" मी विचारलं.

"बघू," मालती म्हणाली.

*

हेरवाडे गेल्यावर मी ओसरीवर जाऊन बसलो. मालती निवडायला मेथी घेऊन आली.

"नाक्यावर एकतीस वर्षं मी लोकांची गाठोडी ओळखली," मी म्हणालो. "आणि माझ्या घरातून ट्रंका जात होत्या."

"घरातून कसल्या, तुमच्या नाक्यावरूनच जात होत्या. एकदा तर टेम्पो तुम्हीच अडवलात. ट्रंकेवर हात ठेवून म्हणालात, लग्नाची भांडी आहेत, घरगुती, जकात माफ. सहीची पावती ठेवलीय मी."

"मला सांगितलं का नाहीस?"

"तुम्हाला?" तिनं एक काडी तोडली. "संध्याकाळी पारावर सांगितल्याशिवाय राहिला असतात? एका नवऱ्याला कळलं असतं तरी धंदा बुडाला असता. बायका माझ्याकडे येतात त्या मी सांगत नाही म्हणून. मोर काय, बाजारातही मिळतो."

मोर म्हटल्यावर मला एकदम आठवलं. "आपल्या लग्नातला मोर तर तू केलेला होतास. लोकरीचा. आईनं तो काचेच्या पेटीत घालून बाहेरच्या खोलीत ठेवला होता. येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, सुनेच्या हातचा आहे."

मालती मेथी निवडत राहिली.

"मालती?"

"निपाणीच्या मावसबहिणीचा होता तो. चार दिवसांसाठी आणला होता. मला तेव्हा साधा टाकाही धड घालता येत नव्हता. ती परत मागायला आली, तर तुमच्या आईनं पेटीला खिळे मारलेले."

"मग?"

"मग काय. रोज दुपारी तुमची आई झोपली की पेटीतल्या मोरासमोर बसायचे, त्याच्याकडे बघून दुसरा करायचे. सात बिघडले, आठवा बहिणीला दिला. तिच्या नणंदेनं तो दोन दिवसांसाठी मागून नेला आणि परत देताना वर पाच रुपये दिले. तिथून सुरू झालं."

म्हणजे मिरजेतला नावाजलेला थापाड्या मी, आणि माझ्याच बाहेरच्या खोलीत, काचेच्या पेटीत, खिळे मारून ठेवलेली थाप मी वर्षानुवर्षं पाहुण्यांना दाखवत होतो.

"आणखी किती जणांना ठाऊक आहे हे?"

"पुरुषांत? आजपासून दोघांना." तिनं निवडलेली भाजी उचलली. "त्यातला एक बोलणार नाही. दुसऱ्याचं बघायचंय."

*

बोरन्हाण झालं. नातू हलव्याचा मुकुट घालून पाटावर बसला, आणि डोक्यावर बोरं पडायला लागली तशी त्यानं मुकुटच खायला घेतला. दुपारी सगळे स्टेशनजवळच्या हॉटेलात जेवायला गेलो. मालतीचं कार्ड आदल्या दिवशी आलं होतं. माझं पुरवणी कार्ड आलं नव्हतं. बँकेनं उशीर केला होता की तिनं संमतीच दिली नव्हती, हे मी विचारलं नाही.

मलई कोफ्ता संपेपर्यंत प्रभुण्यांना धीर नव्हता. "वामनराव, कार्ड आणलंय ना? की आज पुन्हा घरी?"

अश्विनी बाळाचं तोंड पुसत होती. ते केव्हाच स्वच्छ झालं होतं.

वेटरनं बिल आणलं, नेहमीसारखं पुरुषांपुढे ठेवलं. मालतीनं हात लांब करून ती बशी स्वतःकडे ओढली, पर्स उघडली, हळदी-कुंकवाची पुडी बाजूला केली आणि तिच्याखालचं कार्ड बशीत ठेवलं. वेटर पावती घेऊन आला. तिनं सही केली, रुखवतावर शेवटची टिकली चिकटवावी तशी, सावकाश.

प्रभुण्यांनी मान तिरकी करून कार्डावरचं नाव वाचलं. "हे तर वहिनींच्या नावावर आहे."

"हो," मी म्हणालो. "ती कमावते. माझ्या पेन्शनीच्या तिप्पट. वर आणखी थोडे."

बोलून बसल्यावर मला कळलं, मी काय बोललो ते. मग प्रभुणे हसायला लागले. इतके हसले की डोळे पुसावे लागले.

"वामनराव, तुमच्या थापांना तोड नाही. बायकोच्या नावावर कार्ड काढायचं आणि वर हे."

"यांचं काय ऐकता," मालती शांतपणे म्हणाली, आणि बडीशेप पुढे केली.

तेव्हा मला माझ्या आयुष्याचा उपयोग कळला. मी काहीही बोललो तरी तिचं गुपित सुरक्षित होतं. एवढी भक्कम तिजोरी कुठल्या बँकेत नसेल.

प्रभुणे खुशीत आले होते. "बाकी हौस पाहायची तर आमच्या मेघनाची. वैशाखात लग्न, आणि म्हणते, बाबा, सगळं रुखवत मी स्वतः करणार. नोकरी सांभाळून. आजकालच्या पोरींत कुठे असतं असं?"

आम्ही उठलो. पुरुष मंडळी पान घ्यायला पुढे निघाली. माझी चप्पल टेबलाखाली गेली होती, म्हणून मी मागे वाकलो, आणि डोक्यावरून विहीणबाईंचा दबका आवाज ऐकू आला.

"मालतीताई, वैशाख शुद्ध त्रयोदशीला मोठा संच मोकळा आहे का हो? आपली अश्विनी म्हणाली, आधीच सांगून ठेवा."

"हंसाचा देते," मालती म्हणाली. "मोर पुण्यात होऊन गेलाय."

म्हणजे अश्विनीलाही ठाऊक होतं. विहीणबाईंना ठाऊक होतं, मेघनाला होतं, पेटीवाल्या बाईंना होतं, जोशी वकीलबाईंना होतं. मी चप्पल घातली आणि सरळ उभा राहिलो. मालती माझ्याकडे बघत होती. नाक्यावर टेम्पो थांबला की ड्रायव्हर माझ्याकडे बघायचा, अगदी तसं.

मी पानाच्या ठेल्यावर गेलो. प्रभुणे अजून मेघनाच्या हौसेबद्दल सांगत होते. लोकरीचं काय काय करणार आहे ती, मण्यांचं काय काय.

मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

"पोरीच्या हातात कला आहे हो, प्रभुणे," मी म्हणालो. "बघा तुम्ही, हंससुद्धा करेल."

पुढच्या आठवड्यात माझं पुरवणी कार्ड पोस्टानं आलं.